नऊ बाय अकराचं परस

माझ्या मावशीच्या बिऱ्हाडाला मागचं दार आहे. गिरगावात हे वाक्य आवाज जरा खाली आणूनच बोलावं लागतं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच चौरस फुटांचा हिशेब सुरू होतो. चाळीच्या तळमजल्यावरचं बिऱ्हाड, दोन खोल्या, मोरी, आणि मोरीला लागून बाहेर उघडणारं एक दार. दाराबाहेर नऊ फूट बाय अकरा फूट उघडी जागा, मग कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या चाळीची पाठ. कागदोपत्री जागा मालकाची. मालकाला तिच्यात रस नाही, कारण जुन्या जागांची भाडी १९४७च्या कायद्याने सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली, आणि तेव्हापासून गिरगावातल्या मालकांना आपल्याच इमारतीकडे बघवत नाही. वहिवाटीने जागा सगळ्या चाळीची. झाडायची वेळ आली की मात्र मावशीची.

मावसभावाने घरून काम करायला सुरुवात केली आणि त्याला प्रथमच आपलं घर दिसायला लागलं. आधी तो सकाळी चर्नीरोडला गाडी पकडायचा आणि रात्री अंथरुणावर पडायचा. मधल्या काळात घराचं काय होतं याची त्याला कल्पना नव्हती. आता दुपारच्या मीटिंगमध्ये आवाज बंद ठेवून तो परदेशातल्या छोट्या परसांचे व्हिडिओ बघू लागला. लाकडी फळ्यांची जमीन, खांबाखांबांवरून सोडलेले पिवळे दिवे, मधोमध दगडी शेकोटी आणि भोवती स्वेटर घालून हसणारी माणसं. मुंबईत स्वेटर घालण्याइतकी थंडी पडली तर ती पहिल्या पानावर छापून येते, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, "आई, मागे बसायला-उठायला मस्त जागा करू या. पाहुणे आले की तिथेच बसवायचे."

"पाहुण्यांना मोरीतून नेणार?" मावशीने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर एकाही व्हिडिओत नव्हतं.

तरी तो मागे हटला नाही. जागेचा आराखडा करण्यापूर्वी जागेत काय आहे ते लिहून काढावं, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याने वही घेतली. कपडे आपटायचा दगड, एक. बूड गेलेला पत्र्याचा पिंप, एक. हातगाडीचं चाक, एक. याचा धनी कोण हे चाळीतल्या सर्वांत वृद्ध आजोबांनाही माहीत नाही, पण ते हलवायचं म्हटलं की तीन बिऱ्हाडं हरकत घेतात. वरच्या मजल्यांवरून उतरणारे नळ, बारीक-जाड मिळून सात. वातानुकूलन यंत्राची पेटी, पहिल्या मजल्याची. गरम हवा आपल्याकडे, गारवा त्यांच्याकडे. मांजर, कायम. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे कुणीही न लावलेला, तरीही कमरेएवढा वाढलेला अळू. आणि भिंतीला टेकवून ठेवलेले, दोरीने बांधलेले, गणेशोत्सव मंडळाचे बांबू. ऊन कोणत्या दिशेने येतं, या रकान्यात त्याने बराच विचार करून लिहिलं: वरून. दोन इमारतींच्या फटीतून साडेअकराला उतरतं आणि सव्वाबाराला निघून जातं. एकेकाळी हा सगळा भाग बागायतीचा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं अजून शाबूत आहेत. केळेवाडीत मात्र आता केळी नाहीत, साहित्य संघ आहे आणि नाटकं होतात.

जागा अशी का आहे, याला कारण आहे आणि ते काही फार प्रसन्न नाही. जुन्या मुंबईत इमारतींच्या पाठीला जी बोळकंडी सोडलेली दिसते तिला हाऊसगल्ली म्हणतात. सांडपाण्याचे नळ यायच्या आधी संडास टोपल्यांचे होते आणि ते मागच्या अंगाला बांधलेले असत. त्या टोपल्या उचलणाऱ्या माणसांनी पुढच्या बाजूने येऊ नये, जिन्यावर कुणाला दिसू नये, म्हणून ही गल्ली. म्हणजे काम तर करून घ्यायचं पण करणारा नजरेला पडू द्यायचा नाही, यासाठी आपण घराची एक अख्खी बाजू राखून ठेवली होती. टोपल्या गेल्या, नळ आले, गल्लीचं नाव आणि आपली सवय तशीच राहिली. जे नको ते मागे. त्यामुळे 'मागे निवांत बसू' ही कल्पना मावशीच्या पिढीला कानाला लावायच्या चपलेसारखी वाटते.

तर काम सुरू झालं. लाकडी फळ्यांचा भाव ऐकून त्याने हिरवं खोटं गवत आणलं. ते अंथरल्यावर पहिल्या तासात मांजराने पाहणी करून मंजुरी दिली आणि दुसऱ्या तासात ताबा घेतला. मग दोन वेताच्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक बाक. बाकावरच्या गाद्यांना पाऊस लागत नाही, अशी हमी होती. ज्याने ती दिली त्याच्या मनातला पाऊस कुठला, हे विचारायला हवं होतं. लंडनला अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याहून जास्त पाऊस मुंबईत एकट्या जुलैत पडतो. गाद्यांनी जून धैर्याने काढला. जुलैच्या मध्याला त्यांच्यावर छोट्या छत्रीसारखं काहीतरी उगवलेलं दिसलं तेव्हा मावशी म्हणाली, "बघ, तुझी बाग आली."

पावसाआधी कारंजंही आलं होतं. वाहत्या पाण्याच्या आवाजाने मन शांत होतं असं व्हिडिओत म्हणतात. मागच्या अंगाला सात नळांतून चोवीस तास वाहत्या पाण्याचा आवाज येतच असतो आणि आजवर त्याने कुणाचं मन शांत झालेलं नाही, पण ते पाणी दुसऱ्यांचं. आपलं म्हणून त्याने उन्हावर चालणारं छोटं कारंजं मागवलं. उन्हाची वेळ वर दिलीच आहे. पाऊण तास ते उत्साहाने उडायचं, उरलेले सव्वातेवीस तास नुसती पाण्याची परात. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस शिडी आणि बॅटरी घेऊन फिरतीवर आला, परातीत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही जात. त्याला असंच लागतं, स्वच्छ आणि साचलेलं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो." गटार, अळू, बूड गेलेला पिंप या सगळ्यांना त्याने निर्दोष सोडलं आणि शोभेच्या एकमेव वस्तूला पालथी करायला लावली. पिंपाला तर बूडच नाही, त्यात पाणी साचणार कुठे? चाळीच्या स्थापत्याला असलेली अक्कल मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

पण खरी परीक्षा झाली ती पाहुण्यांच्या दिवशी. ऑफिसमधले चौघे-पाचजण पवईहून आले. मोरीत पाट टाकून, पाटावर चटई टाकून रस्ता केला होता. भाऊ आदल्या रात्री भिंतीला बांबूच्या चटयांचा आडपडदा लावून बसला होता, कारण छोट्या परसात एकांत महत्त्वाचा. पडदा समोरून होता. चाळीत एकांताला धोका समोरून नसतो, वरून असतो. मागच्या बाजूला तीन मजल्यांच्या तीन गॅलऱ्या, पलीकडच्या चाळीच्या आणखी तीन. पिवळे दिवे लागले, पाहुणे खुर्च्यांवर बसले आणि सहाही मजले हळूहळू भरत गेले.

सुरुवातीला लोकांनी निमित्तं ठेवली. कुणी वाळत घातलेला टॉवेल पुन्हा वाळत घातला. कुणी मोबाइलला रेंज नाही म्हणून कठड्याशी आलं. दहा मिनिटांनी निमित्तं संपली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सरळ विचारलं, "काय रे, हे लाल-लाल काय पितायत?"

"कोकम सरबत आहे, काकू!"

"मग जिरं घातलंस का?"

जिरं घातलं नव्हतं. पाच मिनिटांत दोरीला बांधलेली टोपली खाली उतरली. तिच्यात जिऱ्याच्या पुडीबरोबर गरम भजी होती. गिरगावात ही टोपली भाजीवाला, पेपरवाला, डबा विसरून शाळेला निघालेला मुलगा अशा सर्वांसाठी असते, पण पवईच्या मंडळींनी ती प्रथमच पाहिली. त्यांचं संभाषण थांबलं आणि माना वर झाल्या. नंतर त्या खाली आल्याच नाहीत. एकीने वर बघून विचारलं, "काकू, आणखी आहेत का?" तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी पगाराची चौकशी केली, आकडा ऐकून भविष्य निर्वाह निधीबद्दल सल्ला दिला, आणि पलीकडच्या चाळीतून त्या सल्ल्याला विरोध झाला. वादात दोन्ही चाळी उतरल्या. पाहुणे निघताना भावाला म्हणाले की इतकी मजा आम्हाला कुठल्याही रेस्टॉरंटात आली नव्हती. भाऊ दोन दिवस उदास होता. त्याला मजा शांत आणि आपली आपण करायची होती.

इथे मला त्या व्हिडिओवाल्यांशी भांडायचं आहे. त्यांनी धरून चाललंय की विश्रांती म्हणजे माणसांपासून दूर जाणं. कुंपण उंच करा, झुडपं दाट लावा, शेजाऱ्याच्या खिडकीचा कोन चुकवा. हे ज्यांच्याकडे दिवसभर कुणी फिरकत नाही त्यांनाही पटतं, हे विशेष. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या माणसाची विश्रांती नेमकी उलट दिशेला तोंड करून बसलेली असते. माणसं जात-येत असावीत, त्यांच्याशी आपलं काही काम नसावं, आणि हवं तेव्हा 'कुठे निघालात?' असं विचारता यावं, एवढी तिची मागणी. म्हणून बसायची जागा पुढे, धुवायची मागे. हाकेच्या अंतरावर खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली लाकडी घरं. एकेकाळी पासष्ट होती म्हणतात, आता निम्मीही उरलेली नाहीत. त्या घरांचा व्हरांडा बघा: रस्त्याला खेटून, कठड्याशी आरामखुर्ची, बाहेरून चढणारा जिना. गल्ली एवढी अरुंद की खुर्चीतल्या माणसाला वाटसरूच्या पिशवीत बांगडा आहे की सुरमई हे न विचारता कळावं. दादरकरांना हेच सुख मोठ्या मापात हवं होतं, तर त्यांच्याकडे शिवाजी पार्कचा कट्टा आहे. मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. आत क्रिकेट चालतं, पण खरा उपयोग कडेचा. पाऊण मैलाच्या आसपास लांबीचं दगडी बैठकीचं फर्निचर, एकही उशी नाही आणि कधी रिकामंही नाही.

आणि चाळीची गॅलरी! चार फूट रुंद. 'छोट्या जागेचे वेगवेगळे विभाग पाडा' असं व्हिडिओत मोठ्या शोधासारखं सांगतात. गॅलरीने विभाग पाडले ते घड्याळाने. पहाटे दात घासणारे आणि पेपर वाचणारे. दहाला तांदूळ निवडणाऱ्या. दुपारी एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला वामकुक्षी. संध्याकाळी पाढे आणि कॅरम. मे महिन्यात रात्री अकरानंतर सलग अंथरुणं. बीडीडी चाळींमध्ये, वरळीला, नायगावला, ना. म. जोशी मार्गावर, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसांनी संसार केले. ते खोलीत मावलेच नव्हते, बाहेर सांडले होते. याची भलामण मी करणार नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्याने चाळीबद्दल हळवं होऊ नये आणि न राहिलेल्याने तर मुळीच नाही. पण गॅलरीचा आराखडा कुणा वास्तुतज्ज्ञाने काढला असता तर त्याला बक्षीस मिळालं असतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

गॅलरीला अपुरं पडतं ते गच्चीवर. कोजागरीचं दूध, पतंग, साबुदाण्याच्या पापड्या, परीक्षेचा अभ्यास आणि ज्या गोष्टी अभ्यास म्हणून सांगितल्या जातात त्या. एक अडचण, किल्ली. गच्चीची किल्ली ज्याच्याकडे असते तो चाळीत सर्वांत अलोकप्रिय आणि सर्वांत जास्त नमस्कार मिळवणारा माणूस. पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मध्ये, म्हणजे १९५८ सालीच, गच्चीसाठी आख्खं आंदोलन होऊन गेलंय, आणि त्यातली घोषणा मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेवर बेतलेली. मुंबई मिळाली. गच्च्यांचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे राहायला आलेत.

भावाच्या परसात एकच समारंभ निर्विवाद यशस्वी झाला आणि तो त्याने ठरवलेला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं ब्रह्मकमळ. कुंडीत पान खोचलं की रोप होतं, आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री थाळीएवढं पांढरं फूल उमलून सकाळपर्यंत मान टाकतं. शास्त्र विचाराल तर हे ब्रह्मकमळच नव्हे. खरं हिमालयात असतं, आपल्याकडचं मेक्सिकोकडून आलेलं निवडुंग आहे. हे एकदा मी भर गॅलरीत सांगितलं होतं. तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं गेलं ती आठवून सांगतो, सांगू नका. तर वहिनींच्या कुंडीला एकदम पाच कळ्या आल्या. गॅलरीत गर्दी मावेना म्हणून कुंडी खाली, भावाच्या दिव्यांत आणून ठेवली. संध्याकाळी चाळीत वर्दी गेली: आज उमलणार. रात्री दहाला चहाची पहिली फेरी. साडेदहाला एक कळी हलल्याची अफवा. अकराला हळद-कुंकू, उदबत्ती आणि फुलाशेजारी उभं राहून फोटो. वरच्या मजल्यावर एकमेकांशी न बोलणारी दोन बिऱ्हाडं एकाच बाकावर बसली. गादीवर उगवलेलं काय आहे हे अंधारात कुणाला दिसलं नाही. मोरीतून किती माणसं आली-गेली याची गणती नाही, आणि त्या रात्री मोरीचं कुणालाच काही वाटलं नाही. मावशी दारात पाटावर बसून येणाऱ्याला सांगत होती, "अळूवरून जपून हं."

भावाला वाटलं, जागेला रूप आलं. श्रावण लागला आणि मंडळाची पोरं बांबू न्यायला आली. बांबू नेले, जाताना पिवळे दिवेही मागून नेले. "दादा, दहा दिवसांचा प्रश्न आहे." मंडपाच्या कमानीवर ते दिवे परसातल्यापेक्षा बरे दिसले, हे खुद्द भावाने कबूल केलं. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीने १८९३ पासून गणपती बसवलाय तिथे 'माझे दिवे परत द्या' असं अनंत चतुर्दशीनंतरही पटकन म्हणता येत नाही. बांबू मात्र ठरल्या दिवशी परत आले. या वेळी थोडे जास्त होते.

आता पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. बीडीडीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्यापासून गिरगावातही सभांना गर्दी होते. आमच्या चाळीच्या सभेत विकासकाच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. गाड्यांच्या मजल्यांवर बाग, बागेत लाकडी फळ्यांची जमीन, पिवळे दिवे, आणि देवाशपथ सांगतो, दगडी शेकोटी. भोवती स्वेटरवाली तीच माणसं. भाऊ खुर्चीत पुढे सरकून बसला. मग नियम आले: बाग आगाऊ नोंदवावी लागेल, अनामत रक्कम लागेल, खाद्यपदार्थ नकोत, दहानंतर आवाज नको, हिरवळीवर बसू नये. ब्रह्मकमळाच्या वहिनींनी विचारलं, कुंडीला तरी घरात जागा आहे का? खिडकीबाहेर पूर्वी फुलझाडांचे कट्टे देत असत, असं त्या माणसाने सांगितलं. ते चटईक्षेत्रात मोजत नसत, म्हणून सढळ हाताने देत, आणि लोक भिंत पाडून तिथे देवघर किंवा कॉम्प्युटरचं टेबल बसवत. २०१२ पासून ते क्षेत्रफळात धरले जातात. तेव्हापासून विकासकांचं फुलांवरचं प्रेम ओसरलं.

मावशीने मागच्या दाराचं विचारलं. तेविसाव्या मजल्यावर मागचं दार देता येत नाही, असं तिला अदबीने समजावण्यात आलं. "मग धुणं?" तिने विचारलं. यंत्र. "आणि अळू?" त्यावर त्याने बागेच्या सल्लागाराशी बोलतो म्हणून वहीत टिपून घेतलं. अळू असंच लिहिलं, मी वाकून पाहिलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. सह्यांचे कागद फिरायला लागले होते, चहा आला होता. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष उठले. त्यांना ना चटईक्षेत्राशी देणंघेणं होतं ना शेकोटीशी. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावरचा नकाशा खालून वरपर्यंत, एकेक मजला बोट फिरवत वाचला, आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे. बांबू कुठे ठेवायचे?"

विकासकाच्या माणसाने बाग दाखवली. चालणार नाही, तिथे नोंदणी लागते. आगीच्या वेळी थांबायचा मोकळा मजला दाखवला. तिथे काही ठेवायचं नाही, तोच मघाशी म्हणाला होता. गाड्यांची जागा? प्रत्येक गाडीच्या जागेला सातबारा असल्यासारखी नावं पडली होती. त्याने फोनवर कुणालातरी विचारलं, मग आणखी कुणालातरी. कागद फिरायचे थांबले. पुढची सभा येत्या रविवारी आहे, विषयपत्रिकेवर एकच विषय आहे.